जड पाण्याची परीक्षा

राजस्थानातील रावतभाटा येथे ७०० मेगावॅट शक्तीची नवी अणुभट्टी १५ एप्रिल २०२५ रोजी रीतसर वीज देऊ लागली. त्याआधी गुजरातेतील काक्रापार येथे तशाच दोन भट्ट्या २०२३ व २०२४ साली कामाला लागल्या होत्या. या तिन्ही भट्ट्यांचा आराखडा भारतीय, बांधणी भारतीय, आणि तिन्ही जड पाण्यावर चालणाऱ्या. अशी बातमी आली की आपल्या बेटावरील घरांत आनंद होतो, आणि तो होणे स्वाभाविक आहे. आपले पणजोबा-खापरपणजोबा ज्या देशाचा किनारा सोडून येथे उसाच्या मळ्यांत राबायला आले, तो देश आज जगातील मोजक्या राष्ट्रांना जमणारी विद्या स्वतःच्या बळावर चालवतो आहे. याचा अभिमान कोणाला वाटणार नाही?

परंतु अभिमान व्यक्त करून झाल्यावर दोन प्रश्न उरतात. हे जड पाणी म्हणजे नेमके काय? आणि अशी भट्टी भरवशाची आहे, हे ठरवले कोणी व कसे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राच्या कोणत्याही चांगल्या पुस्तकात सापडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र गेल्या ऐंशी वर्षांच्या अनुभवात विखुरलेले आहे, आणि त्यात यशाइतकाच अपघातांचाही भाग आहे. आमच्या मते हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे. म्हणून आज त्याचा विचार सविस्तर करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम जड पाण्याविषयी. पाणी हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे बनते, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. या हायड्रोजनला एक वजनदार थोरला भाऊ आहे. त्याचे नाव ड्यूटेरियम. साध्या हायड्रोजनच्या अणूच्या गाभ्यात केवळ एक प्रोटॉन असतो. ड्यूटेरियमच्या गाभ्यात त्याच्या जोडीला एक न्यूट्रॉनही असतो. हॅरॉल्ड यूरी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३१ मध्ये ड्यूटेरियमचा शोध लावला आणि १९३४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा थोरला भाऊ जगातील सर्व पाण्यात आहे; आपल्या बेटाभोवतीच्या समुद्रातही आहे. पण हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंमागे तो एकटाच आढळतो. त्याला वेचून वेगळे करून जे पाणी मिळते ते जड पाणी. दिसायला ते साध्या पाण्यासारखेच असते. फक्त एक बाटली साध्या पाण्याने व दुसरी या पाण्याने भरून तोलली, तर दुसरी बाटली सुमारे एक दशांशाने जड भरते.

आता याचा अणुभट्टीत उपयोग काय? युरेनियमच्या अणूवर न्यूट्रॉन आदळला म्हणजे तो अणू फुटतो, उष्णता निघते आणि त्यातून आणखी दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांनी पुढचे अणू फोडावेत व ही साखळी चालू राहावी, हे भट्टीचे मर्म. पण बाहेर पडणारे न्यूट्रॉन इतके भरधाव असतात की त्यांच्या हातून पुढचे काम सहसा होत नाही. त्यांची गती कमी करणारा पदार्थ मध्ये लागतो. त्याला शास्त्रात मॉडरेटर म्हणतात. साधे पाणी गती फार चांगली कमी करते, पण तसे करताना पुष्कळ न्यूट्रॉन स्वतःच गिळून टाकते. मग साखळी टिकवायची तर युरेनियम समृद्ध करावे लागते, म्हणजे त्यातील सहज फुटणाऱ्या अणूंचे प्रमाण वाढवावे लागते. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये असे अणू शंभरात एकसुद्धा नसतात. प्रमाण अवघे ०.७ टक्का. ते वाढवण्याचे कारखाने अतिशय खर्चिक असतात, आणि अणुबॉम्बशी त्यांचा संबंध असल्यामुळे ती विद्या मोठी राष्ट्रे सहजासहजी कोणाला देत नाहीत. जड पाणी मात्र न्यूट्रॉनची गती कमी करते आणि त्यांना क्वचितच गिळते. त्यामुळे खाणीतून आले तसेच युरेनियम वापरता येते.

ज्या देशाजवळ पैसा थोडा आणि इंधनासाठी कोणापुढे हात पसरण्याची इच्छा नाही, त्याला हा मार्ग का आवडला असेल, हे यावरून कळते. डॉ. होमी भाभा यांनी भारतासाठी हाच मार्ग निवडला. भारतात युरेनियम बेताचे आणि थोरियम विपुल. तेव्हा आधी नैसर्गिक युरेनियम व जड पाण्याच्या भट्ट्या, मग त्यातून निघणाऱ्या प्लुटोनियमवर चालणाऱ्या वेगवान भट्ट्या, आणि शेवटी थोरियम, अशी तीन पायऱ्यांची त्यांची योजना होती.

जड पाण्याच्या भट्टीची विद्या मुख्यत्वेकरून वाढली ती कॅनडात. दुसरे महायुद्ध संपले त्याच महिन्यात, ५ सप्टेंबर १९४५ रोजी, चॉक रिव्हर येथे झीप नावाची लहानशी प्रायोगिक भट्टी सुरू झाली. अमेरिकेबाहेर चाललेली ती पहिली अणुभट्टी. तिच्यातून वीज मिळायची नव्हती. इंधनाचे दांडे किती अंतरावर ठेवावेत, जड पाण्याची पातळी किती असावी, हे आकडेमोडीने काढलेले उत्तर प्रत्यक्षात खरे ठरते की नाही, एवढेच पाहायचे होते. पुढे १९६२ मध्ये २० मेगावॅटची नमुना वीजभट्टी, त्यानंतर डग्लस पॉइंटची २०० मेगावॅटची, आणि मग पिकरिंगची मोठी केंद्रे, अशा क्रमाने कॅनडा पुढे गेला.

भारतानेही हीच शिस्त पाळली. मुंबईजवळ तुर्भे येथे १० जुलै १९६० रोजी सायरस ही ४० मेगावॅट उष्णतेची संशोधन भट्टी चालू झाली. भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली आणि तिचे जड पाणी अमेरिकेने दिले. दुसऱ्याच वर्षी, जानेवारी १९६१ मध्ये, तेथेच झर्लिना ही जवळजवळ शून्य शक्तीची भट्टी आली. इंधनाची मांडणी बदलून पाहायची, मोजायचे, पुन्हा बदलायचे, एवढेच तिचे काम होते. १९८३ पर्यंत तिने ते केले. अशा भट्टीचे नाव वर्तमानपत्रांत फारसे येत नाही. पण मोठ्या भट्टीत जे करून पाहणे महागात पडेल, ते येथे अल्प खर्चात व कोणाला धोका न होता करून पाहता येते. २००८ च्या एप्रिलमध्येही तुर्भ्याला अशीच एक नवी चाचणी-भट्टी सुरू करण्यात आली, ती थोरियम वापरणाऱ्या पुढच्या पिढीच्या जड पाण्याच्या भट्टीसाठी.

रावतभाट्याच्या पहिल्या दोन भट्ट्यांचे काम कॅनडाच्या सहकार्याने आरंभले गेले. पहिली ११ ऑगस्ट १९७२ रोजी पेटली. दुसरी अर्धवट असतानाच, १८ मे १९७४ रोजी, भारताने पोखरण येथे अणुस्फोट केला. त्यात वापरलेले प्लुटोनियम सायरस भट्टीतून आले होते. आपण शांततेच्या कामासाठी दिलेल्या भट्टीचा असा उपयोग झाला, अशी कॅनडाची तक्रार होती, आणि त्याने सहकार्य थांबवले. हा भाग वगळून जड पाण्याची कथा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नैसर्गिक युरेनियमवर चालणारी भट्टी वीजही देते आणि प्लुटोनियमही देते. १९९६ मध्ये आपल्या मॉरिशसने अण्वस्त्रमुक्त आफ्रिकेच्या पेलिंदाबा करारावर सही केली. त्या देशाचे नागरिक या नात्याने आपण भारतीय अणुविद्येचे कौतुक करताना तिची ही दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे.

कॅनडा बाजूला झाल्यावर भारतीय अभियंत्यांना उरलेले काम एकट्याने करावे लागले. दुसरी भट्टी १९८१ मध्ये रीतसर वीज देऊ लागली. तमिळनाडूतील कल्पाक्कमची पहिली भट्टी २ जुलै १९८३ रोजी पेटली. ती भारतीयांनी स्वतः उभारली होती. तुर्भ्याची ध्रुव ही शंभर मेगावॅट उष्णतेची संशोधन भट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये आली, आणि तिच्या घडणीत डॉ. अनिल काकोडकर या मराठी अभियंत्याचा मोठा वाटा होता. हेच काकोडकर पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

सर्वांत बिकट प्रश्न होता तो जड पाण्याचाच. २२० मेगावॅटच्या एका भट्टीला ते दोनशे टनांहून अधिक लागते, आणि तेही जवळजवळ निर्भेळ. पंजाबात नांगल येथे १९६२ पासून थोडे जड पाणी तयार होत होते, पण ते पुरण्यासारखे नव्हते. नवे कारखाने काढले तर त्यांतही अडथळे आले. बडोद्याच्या कारखान्यात डिसेंबर १९७७ मध्ये स्फोट होऊन काम मागे पडले. तरी प्रयत्न सुटले नाहीत. आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट ही की, यांपैकी एक कारखाना आपल्या पूर्वजांच्या कोकणात आहे. अलिबागजवळ थळ येथे खत कारखान्याच्या शेजारी तो १९८७ पासून चालू झाला. खतासाठी लागणाऱ्या वायूंतूनच तेथे ड्यूटेरियम वेचून घेतात. पुढे असा दिवस आला की, ज्या देशाला जड पाण्यासाठी रशियाकडे मागणी करावी लागली होती, तोच देश दक्षिण कोरियाला जड पाणी विकू लागला.

येथपर्यंतची हकीकत यशाची आहे. पण यश मोजायचे कशाने? भट्टी बांधून पूर्ण झाली म्हणजे यश मिळाले, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही, असे आम्हास वाटते.

साखर कारखान्यात काम केलेली माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. कापणीचा हंगाम सुरू होण्याआधी बॉयलर पाण्याने भरून दाबाखाली तपासतात, कोठे पाझरतो का ते पाहतात, यंत्रे रिकामी फिरवून बघतात, हे त्यांना सांगायला नको. अणुभट्टीचेही तसेच, फक्त काळजी शतपट. प्रथम सर्व नळ पाण्याने भरून नेहमीपेक्षा जास्त दाबाने तपासतात. भट्टीभोवतीची काँक्रीटची प्रचंड इमारतही हवा भरून फुगवतात आणि किती हवा गळते ते मोजतात. मग अनेक दिवस नळांतून गरम पाणी खेळवतात, म्हणजे पोलादाच्या आतल्या बाजूला लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ, चिवट थर बसतो आणि पुढची झीज कमी होते. जड पाणी मोलाचे असल्यामुळे हे सारे आधी साध्या पाण्यावर करतात.

यानंतर इंधन भरतात. भट्टीचे मुख्य भांडे आडवे, मोठ्या पिंपासारखे असते, आणि त्यातून आरपार आडव्या नळ्या गेलेल्या असतात. २२० मेगावॅटच्या भट्टीत ३०६, तर ७०० मेगावॅटच्या भट्टीत ३९२. प्रत्येक नळीत अर्धा मीटर लांबीच्या इंधनाच्या जुड्या एकापुढे एक सरकवतात. मग जड पाणी भरतात, आणि त्यात बोरॉन मिसळलेले असते. बोरॉन न्यूट्रॉन गिळणारा. तो आहे तोवर साखळी सुरू होऊ शकत नाही. हा बोरॉन थोडा थोडा करून काढून घेतात, प्रत्येक टप्प्यावर थांबतात, मोजतात, आकडेमोडीशी ताडून पाहतात. एका क्षणी साखळी स्वतःच्या बळावर चालू राहते. वर्तमानपत्रे म्हणतात, भट्टी ‘क्रिटिकल’ झाली. रुग्णालयातील माणूस क्रिटिकल आहे म्हटल्यावर आपल्या पोटात गोळा येतो. भट्टीच्या बाबतीत मात्र या शब्दाचा अर्थ तिचा पहिला श्वास एवढाच आहे. त्यानंतर शक्ती अगदी कमी ठेवून, भट्टी बंद करणारे दांडे ठरल्या वेळात खाली पडतात की नाही, अशा चाचण्या घेतात. पुढे वीज जाळ्यात सोडून शक्ती पायरीपायरीने वाढवतात, आणि प्रत्येक पायरीला नियामक मंडळाची परवानगी लागते.

या कामाला किती वेळ लागतो, ते काक्रापारच्या तारखांवरून कळेल. तेथील तिसरी भट्टी, म्हणजे ७०० मेगावॅटच्या नव्या आकाराची देशातील पहिली, २२ जुलै २०२० रोजी क्रिटिकल झाली आणि तिने रीतसर व्यापारी तत्त्वावर वीज देणे सुरू केले ३० जून २०२३ रोजी. जवळजवळ तीन वर्षे लागली. तिच्या शेजारची चौथी १७ डिसेंबर २०२३ रोजी क्रिटिकल झाली आणि ३१ मार्च २०२४ रोजी कामाला लागली. अवघे साडेतीन महिने! पहिलीला इतका उशीर झाला म्हणून काही जणांनी नाके मुरडली. आमचा निष्कर्ष उलट आहे. नव्या आकाराच्या पहिल्या भट्टीवर घालवलेला वेळ वाया जात नाही. धाकट्या बहिणीचा मार्ग तीच सोपा करून ठेवते.

बरे, भट्टी कामाला लागली म्हणजे परीक्षा संपली का? मुळीच नाही. खरे प्रश्न पुष्कळदा नंतरच समोर येतात. चॉक रिव्हर येथे १२ डिसेंबर १९५२ रोजी एनआरएक्स या भट्टीत चुकीच्या झडपा उघडल्या गेल्या, दांडे वेळेवर खाली आले नाहीत आणि इंधन वितळून भट्टीचे भांडे निकामी झाले. सफाईच्या कामासाठी अमेरिकन नौदलाचे लोकही आले होते. त्यांत जिमी कार्टर नावाचे तरुण अधिकारी होते. तेच पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. कॅनडाने तो अपघात दडवला नाही. भट्टी बंद करण्याची यंत्रणा ती चालवण्याच्या यंत्रणेपासून स्वतंत्र असली पाहिजे, हा धडा त्यातून पक्का झाला.

पुन्हा १ ऑगस्ट १९८३ रोजी पिकरिंगच्या दुसऱ्या भट्टीतील एक दाबनळी चालू स्थितीतच फुटली. दहा-बारा वर्षांत ती नळी खाली झोळली होती, बाहेरच्या नळीला टेकली होती आणि धातूत हायड्रोजन शिरून तो ठिसूळ झाला होता. त्याच जातीच्या मिश्रधातूच्या नळ्या भारताच्या जुन्या भट्ट्यांतही होत्या. कॅनडाशी सहकार्य तुटलेले असले तरी हा इशारा भारताने वाया जाऊ दिला नाही. रावतभाट्याच्या दुसऱ्या भट्टीतील नळ्या नव्वदच्या दशकात दुरून चालणाऱ्या अवजारांनी काढून नव्या, अधिक टिकाऊ धातूच्या नळ्या बसवण्यात आल्या. त्या किरणोत्सारी भट्टीत माणसाने हात घालणे शक्य नव्हते. म्हणून ती अवजारेही देशातच घडवावी लागली.

सर्वांत कठीण रात्र आली ती उत्तर प्रदेशातील नरोरा येथे, ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे. टर्बाइनची पाती तुटली, यंत्र हादरले, हायड्रोजन बाहेर पडून पेटला आणि आग विजेच्या तारांच्या मार्गाने पसरली. केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिले. नियंत्रण कक्षात धूर भरला. भट्टी लगेच बंद करण्यात आली होती, पण बंद भट्टीतही उष्णता निर्माण होतच राहते. कामगारांनी आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेल पंप चालवून वाफेच्या पात्रांत पाणी सोडले. काही जण हातात विजेरी घेऊन अंधारात इमारतीच्या माथ्यावर चढले आणि त्यांनी हाताने झडपा उघडून भट्टीत बोरॉनचे पाणी सोडले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. त्या माणसांची नावे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाहीत. पण भारतीय अणुविद्येच्या इतिहासात एखाद्या शोधाइतकेच त्यांचे स्थान आहे, असे आम्ही मानतो. त्यानंतर इतर केंद्रांतील टर्बाइनांची पातीही तपासली गेली आणि तारांची मांडणी बदलली गेली.

पुढच्याच वर्षी, १३ मे १९९४ रोजी, कारवारजवळच्या कैगा येथे बांधकाम चालू असताना पहिल्या भट्टीच्या आतल्या घुमटाचे काँक्रीट सुटून खाली कोसळले. काही कामगार जखमी झाले. भट्टीत अजून इंधन नव्हते, हे सुदैव. काम थांबले, घुमटाचा आराखडा पुन्हा तपासला गेला, आणि ती भट्टी २००० साली वीज देऊ लागली. याच कैग्याच्या पहिल्या भट्टीने १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत, सलग ९६२ दिवस, एकदाही न थांबता वीज दिली. तो त्या वेळी जगातील विक्रम ठरला. घुमट कोसळला त्याला त्या प्रारंभाच्या दिवशी बरोबर बावीस वर्षे झाली होती. पुढे कॅनडातील डार्लिंग्टन केंद्राच्या भट्टीने हा विक्रम मागे टाकला. तीही जड पाण्याचीच. या जातीच्या भट्टीत चालू स्थितीतच एका बाजूने नवे इंधन सरकवून दुसऱ्या बाजूने जुने काढता येते. म्हणून इतका दीर्घ पल्ला तिला साधतो.

वाचक बंधुभगिनींनो, या हकीकतींतून आम्हास एक गोष्ट स्पष्ट दिसते. जड पाण्याची भट्टी भारताची झाली ती केवळ आराखडा भारतात काढला म्हणून नव्हे. जेथे नळी झोळली, पाते तुटले, घुमट पडला, तेथे थांबून कारण शोधले गेले म्हणून ती भारताची झाली. परक्याकडून यंत्र आणता येते. त्या यंत्राच्या चुकांतून आलेले शहाणपण मात्र स्वतःच कमवावे लागते.

आणि म्हणूनच पुढच्या वाटचालीविषयी काही बोलणे आम्हास अगत्याचे वाटते. भारत सरकारने २०४७ पर्यंत अणुवीज एक लाख मेगावॅटपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केले. त्या वर्षी ही क्षमता नऊ हजारांपर्यंतही पोहोचली नव्हती. म्हणजे साठ-सत्तर वर्षांत जे झाले त्याच्या दहापट काम बावीस वर्षांत करायचे आहे. दहा नव्या ७०० मेगावॅटच्या जड पाण्याच्या भट्ट्यांना २०१७ मध्ये एकाच वेळी मंजुरी मिळाली. जुन्या २२० मेगावॅटच्या भट्टीचे सुधारलेले रूप मोठ्या कारखान्यांसाठी उभारण्याचीही योजना आहे. २०२५ च्या डिसेंबरात भारतीय संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा संमत करून खाजगी कंपन्यांनाही या क्षेत्राचे दार उघडले. घाई आणि नफा हे दोन्ही परीक्षेचे शत्रू आहेत. परीक्षकाला घाई करायला सांगणारा माणूस सरकारी कचेरीतही बसलेला असू शकतो आणि कंपनीच्या कचेरीतही.

परीक्षक कोण, हा प्रश्न जुनाच आहे. भारताचे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले, पण ज्या आयोगाकडे भट्ट्या उभारण्याचे काम, त्याच्याच छायेत. परीक्षा देणारा व घेणारा एकाच घरात राहत असतील तर लोकांना शंका येणारच. २०१२ मध्ये भारताच्या महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात मंडळाच्या या दुबळ्या स्थानावर बोट ठेवले. स्वतंत्र नियामकासाठी २०११ मध्ये आणलेले विधेयक तसेच लयाला गेले. आता नव्या कायद्याने मंडळाला कायद्याचा आधार दिला आहे, हे स्वागतार्ह आहे. परंतु कायद्यातील शब्द आणि प्रत्यक्षातील ताठ कणा यांत अंतर असते. मंत्री व उद्योगपती उद्घाटनाची तारीख ठरवून बसलेले असताना, “चाचणी अपुरी आहे, भट्टी पेटणार नाही,” असे मंडळाने सांगितले आणि ते ऐकले गेले, तरच त्या कायद्याचे चीज झाले असे म्हणता येईल.

आणखी एक परीक्षा आहे, जिचा उल्लेख तांत्रिक अहवालांत क्वचितच येतो. महाराष्ट्राच्या उत्तर कोकणात तारापूर येथे ५४० मेगावॅटच्या दोन जड पाण्याच्या भट्ट्या आहेत. त्या २००५ व २००६ मध्ये कामाला लागल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली. नव्या जागी मिळालेली घरे, पाणी, रोजगार, मासेमारीची वाट यांविषयीच्या त्या लोकांच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. भट्टीच्या प्रत्येक झडपेची नोंदवही असते. झडप उघडली नाही तर काम पुढे सरकत नाही. गावकऱ्यांना दिलेल्या वचनांची अशी नोंदवही का नसावी? वचन पुरे झाल्याशिवाय भट्टी पुढच्या पायरीवर जाणार नाही, असा नियम का नसावा? घर सोडून दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून परक्या जागी जाण्याचे दुःख काय असते, हे गिरमिटिया मजुरांच्या वंशजांना कोणी शिकवायला नको. आपल्या पूर्वजांनाही करारावर अंगठा उठवताना पुष्कळ काही सांगितले गेले होते.

रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. तेथील नियोजित भट्ट्या फ्रेंच बनावटीच्या, साध्या पाण्याच्या आहेत. त्यांचा जड पाण्याशी संबंध नाही. पण तेथल्या आंबा-बागायतदारांचा व कोळी बांधवांचा विरोध ज्या अविश्वासातून आला, तो याच जातीचा आहे. “सर्व काही सुरक्षित आहे,” या एका वाक्याने तो जात नाही. कोणती चाचणी घेतली, काय आढळले, काय दुरुस्त केले, हे लोकांना त्यांच्या भाषेत सांगावे लागते. तारापूरच्या माणसाला ते मराठीत मिळाले पाहिजे.

काही वाचक विचारतील, या साऱ्याचा आपल्या बेटाशी काय संबंध? आपल्याकडे अणुवीज नाही. आपण उसाच्या चोयट्या जाळतो, दगडी कोळसा व तेल जाळतो. हे खरे. पण कोळशाच्या धुराने तापणाऱ्या पृथ्वीवर समुद्राची पातळी वाढते आहे, आणि तिची झळ बेटांना आधी लागते. भारतासारख्या मोठ्या देशाने कोळसा कमी जाळावा, यात आपलाही स्वार्थ आहे. त्यासाठी जड पाण्याच्या भट्टीचा हातभार लागत असेल, तर आम्हास ती हवीच आहे. मात्र ती नीट पारखलेली हवी. एका केंद्रात मोठा अनर्थ झाला तर त्या देशाचाच नव्हे, साऱ्या जगाचा या विजेवरचा विश्वास उडतो. २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमानंतर ते आपण पाहिले आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. भारताने जड पाण्याच्या भट्ट्या अवश्य उभाराव्यात. पण चाचण्यांचा वेळ कमी करून उद्दिष्ट गाठू नये. खाजगी कंपनी असो वा सरकारी महामंडळ, परीक्षक दोघांनाही सारखाच कडक असावा. चाचण्यांचे निकाल, त्यांत नापास झालेल्या भागांसह, प्रसिद्ध व्हावेत. आणि ज्यांच्या जमिनीवर भट्टी उभी राहते, त्यांचे पुनर्वसन हाही चाचणीचाच एक टप्पा मानला जावा.

आपल्या घरांतील तरुण मुले-मुली अभियांत्रिकी शिकत आहेत, काही भारतात जाऊनही शिकतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, भारतीय अणुविद्येचा अभिमान बाळगायचा असेल तर रावतभाट्याच्या उद्घाटनाबरोबर नरोऱ्याची ती रात्रही वाचा. अंधारात जिना चढून झडप उघडणारी माणसे आणि “अजून तयार नाही” असे वरिष्ठांना तोंडावर सांगणारी माणसे, ही दोन्ही ज्या देशात निपजतात, त्या देशाच्या भट्टीवर विश्वास ठेवता येतो. अशी माणसे भारतात पुढेही निपजोत, आणि त्यांचे ऐकणारे राज्यकर्तेही त्यांना मिळोत, हीच आमची सदिच्छा.